बेन्फिकाला शाप नाही, बाजार नडतो

पोर्तुगालचा फुटबॉल क्लब बेन्फिका युरोपीय स्पर्धेतून बाहेर पडला की चाहत्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, हा जुना प्रशिक्षक बेला गुटमानचा शाप. १९६२ पासून शंभर वर्षं मोजा, २०६२ उजाडेपर्यंत काही खरं नाही. दुसरा म्हणतो, शापबिप सगळं थोतांड, मोठा सामना आला की या क्लबचे हातपाय गळतात, चोकर्स आहेत झालं. पुरावा मात्र दोघांचा एकच. १९६१ आणि १९६२ मध्ये लागोपाठ दोनदा युरोपियन कप जिंकल्यावर लिस्बनचा हा क्लब आठ युरोपीय अंतिम सामने खेळला आणि आठही हरला. १९६३, १९६५, १९६८, १९८८ आणि १९९० हे पाच युरोपियन कपचे. १९८३ चा युएफा कपचा. २०१३ आणि २०१४ चे त्याच स्पर्धेच्या नव्या अवताराचे, म्हणजे युरोपा लीगचे. माझ्या मते दोन्ही तट भलत्याच आकड्यामागे लागले आहेत. अंतिम सामना हरायला आधी तिथवर पोचावं लागतं, आणि आठ वेळा पोचणारे क्लब युरोपात मोजकेच आहेत. जाब विचारायचा तर तो वेगळ्याच आकड्याबद्दल विचारायला हवा. १९९५, २००६, २०१२, २०१६, २०२२ आणि २०२३ अशा सहा वेळा बेन्फिकाने चॅम्पियन्स लीगची, म्हणजे नव्या नावाच्या युरोपियन कपची, उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि सहाही वेळा गाडी तिथेच अडली. १९९० नंतर या स्पर्धेची उपांत्य फेरी त्यांनी पाहिलेली नाही. त्याचं कारण गुटमानचं थडगं असलेल्या व्हिएन्नाच्या दफनभूमीत शोधून सापडणार नाही. ते क्लबच्या जमाखर्चात आहे.

आधी शापाचा निकाल लावू, कारण ती गोष्ट भलतीच गोड आहे आणि म्हणूनच घातक आहे. बुडापेस्टमध्ये जन्मलेला, नाझींच्या काळात श्रमछावणीतून पळून वाचलेला, देशोदेशी फिरलेला प्रशिक्षक गुटमान १९५९ मध्ये बेन्फिकात आला. दोन युरोपियन कप जिंकून दिल्यावर त्याने बक्षिसाची रक्कम वाढवून मागितली, संचालकांनी नकार दिला आणि तो गेला. इथवर ठीक. पुढचं वाक्य, की ‘माझ्याशिवाय शंभर वर्षं बेन्फिका युरोपचा विजेता होणार नाही’, हे मात्र जितक्या तोंडी ऐकावं तितक्या रूपांत ऐकू येतं. एका रूपात शाप सगळ्या पोर्तुगीज क्लबांना आहे. पण १९८७ मध्ये पोर्तो युरोपियन कप जिंकून बसल्यावर ते रूप मागे पडलं. घटनेप्रमाणे बदलत जाणाऱ्या भाकिताला भाकीत कसं म्हणायचं? शिवाय तिसरं वर्ष प्रशिक्षकाला नडतं, हे गुटमानचं आवडतं मत होतं आणि एका जागी फार काळ टिकणं हा त्याचा स्वभावच नव्हता. बक्षीस मिळालं असतं तरी तो किती दिवस राहिला असता, हा प्रश्नच आहे.

सगळ्यात मोठी अडचण तर शापवाले चक्क गिळून टाकतात. गुटमान परत आला होता. १९६५-६६ च्या हंगामात त्याने पुन्हा बेन्फिकाची धुरा घेतली. शाप देणारा स्वतः उतारा घेऊन दारात उभा राहिल्यावर काय व्हायला हवं होतं? मार्च १९६६ मध्ये मँचेस्टर युनायटेडने लिस्बनमध्ये येऊन ५-१ असं झोडपलं. जॉर्ज बेस्ट नावाच्या पोराची ख्याती युरोपभर झाली ती त्या रात्री. त्या हंगामात पोर्तुगालचं विजेतेपदही लिस्बनच्याच स्पोर्टिंगकडे गेलं. बरं, गुटमान असताना सगळं जिंकत होते म्हणावं, तर १९६१ च्या आंतरखंडीय कपात उरुग्वेच्या पेन्यारोलने माँटेव्हिडिओत पाच गोल चढवले आणि निर्णायक सामनाही जिंकला, तेव्हा बाकावर गुटमानच बसलेला होता.

तरीही शापवाल्यांचा एक मुद्दा खरोखर वजनदार आहे आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. आठापैकी आठ. नाणेफेकीचा हिशेब लावला तर लागोपाठ आठदा हरण्याची शक्यता २५६ मध्ये एक. इतकी दुर्मीळ गोष्ट नुसत्या योगायोगाने कशी घडेल? पण हे सामने नाणेफेकीसारखे नव्हते. १९६५ मध्ये समोर गतविजेता इंटर होता आणि मैदान सान सिरो, म्हणजे इंटरचं घर. १९६८ मध्ये इंग्लंडचा मँचेस्टर युनायटेड आणि मैदान इंग्लंडमधलंच, वेम्बली. १९९० मध्ये आदल्या वर्षी अंतिम सामना ४-० ने जिंकलेला, आरिगो साक्कीचा मिलान. २०१३ मध्ये चेल्सी, जो वर्षभरापूर्वीच चॅम्पियन्स लीग जिंकला होता. प्रत्येक सामन्याआधी बेन्फिकाची जिंकण्याची शक्यता किती, याचा माझा अंदाज मांडतो: १९६३ ला ४० टक्के, १९६५ आणि १९६८ ला ३०, १९८३ ला ४५, १९८८ ला ५०, १९९० ला २०, २०१३ ला ३५, २०१४ ला ५०. आठही हरण्याची शक्यता यावरून दोन टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे ४८ त एकदा. माझे आकडे थोडे इकडेतिकडे करा, निष्कर्ष फारसा हलत नाही. आणि सत्तर वर्षांच्या युरोपीय फुटबॉलमध्ये वारंवार अंतिम सामने खेळणारे क्लब किती तरी आहेत. त्यातल्या कुणा एकाच्या वाट्याला ४८ त एकदा येणारी गोष्ट आली तर नवल कसलं? युव्हेंटसकडे पाहा. नऊ वेळा युरोपियन कपचा अंतिम सामना, त्यातले सात गमावलेले, आणि १९९७, १९९८, २००३, २०१५, २०१७ असे लागोपाठ पाच. तुरिनमध्ये कुणी गुटमान होता का?

एकेक सामना उघडून पाहिला की उरलंसुरलं गूढही विरतं. १९६३ मध्ये वेम्बलीवर युझेबियोने अठराव्या मिनिटाला बेन्फिकाला आघाडी मिळवून दिली. दुसऱ्या अर्धात मधल्या फळीचा कणा, कर्णधार मारियो कोलुना, पिवातेल्लीच्या धसमुसळ्या अडवणुकीने जायबंदी झाला. बदली खेळाडू उतरवायची तेव्हा मुभाच नव्हती, त्यामुळे संघ लंगडा झाला आणि अल्ताफिनीने दोन गोल करून मिलानला कप मिळवून दिला. दोन वर्षांनी सान सिरोवर धो धो पाऊस. जाइरचा फटका गोलरक्षक कोस्ता परेराच्या पायांमधून आत गेला. नंतर कोस्ता परेरालाच दुखापत होऊन बाहेर जावं लागलं आणि जेर्मानो हा बचावपटू गोलमध्ये उभा राहिला. दहा खेळाडू, गोलमध्ये बचावपटू, चिखल, समोर आघाडीवर असताना दार लावून बसण्यात पटाईत असलेला इंटर; निकाल ०-१ वरच राहिला हेच कौतुकाचं. आजच्या नियमांनी हे दोन सामने खेळवले असते तर दोन्हीत ताजा माणूस उतरला असता. शापापेक्षा नियमपुस्तिकेचा दोष इथे मोठा दिसतो.

१९६८ चा सामना निसटला तो एका क्षणात. ७९ व्या मिनिटाला ग्रासाने १-१ अशी बरोबरी केली, शेवटच्या मिनिटांत युझेबियो एकटा आत घुसला आणि त्याचा जोरदार फटका युनायटेडचा गोलरक्षक ॲलेक्स स्टेपनीने छातीशी कवटाळला. चेंडू हातभर बाजूला गेला असता तर आज ही चर्चाच नसती. जादा वेळेत मात्र पाय संपले आणि दहा मिनिटांच्या आत तीन गोल बसले. १९८८ ला श्टुटगार्टमध्ये नेदरलँड्सच्या पीएसव्हीविरुद्ध गोलच झाला नाही. पीएसव्हीचं त्या वर्षीचं विजेतेपद म्हणजे एक अजबच प्रकार: उपांत्यपूर्व फेरीपासून पाच सामने, पाचही बरोबरीत, एकही जिंकलेला नाही आणि कप त्यांचा. बेन्फिकाचा दियामांतिनो काही दिवस आधीच जायबंदी झाला होता. पहिल्या पाचही पेनल्टी गोलमध्ये गेल्या, सहावी व्हेलोझोची व्हान ब्रॉयकेलेनने अडवली.

नशिबाचा हिशेब मांडायचाच तर जमेची बाजूही मांडा. १९६१ ला बर्नच्या वांकडॉर्फ मैदानावर बार्सिलोनाचे फटके पुन्हा पुन्हा गोलच्या चौकोनी खांबांवर आदळले, एक गोल तर त्यांच्याच गोलरक्षकाच्या नावावर लागला, आणि बेन्फिका ३-२ ने जिंकला. (कोचिश आणि झिबोर हे बार्सिलोनाचे दोन हंगेरियन १९५४ ची विश्वचषकाची अंतिम लढत याच मैदानावर, याच गोलफरकाने हरले होते. शाप द्यायचाच तर त्यांनी मैदानाला द्यायला हवा होता.) १९९० मध्ये बेन्फिका व्हिएन्नात पोचला तोच मुळी उपांत्य फेरीत मार्सेविरुद्ध व्हाताने हाताने ढकललेल्या गोलमुळे. रेफरीला ते दिसलं नाही. अंतिम सामन्याआधी युझेबियोने गुटमानच्या थडग्यापाशी प्रार्थना केली ही कथा जो तो सांगतो, पण त्या सामन्याचं तिकीट एका न पकडलेल्या हाताने मिळालं होतं, हे सांगायला कुणी तयार नसतं. शापग्रस्त क्लबला अशी सूट मिळते?

आता दुसरा तट. चोकर्स म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद वरकरणी शास्त्रीय वाटतो: शाप खोटा असेल, पण खेळाडू तो ऐकत मोठे होतात, पेनल्टी घेताना पाय थरथरतो. हे अगदीच अशक्य नाही. २०१४ ला तुरिनमध्ये सेव्हियाविरुद्ध कार्दोझो आणि रॉद्रिगो, दोघांच्याही पेनल्टी बेतोने अडवल्या. पण हाच कार्दोझो वर्षभरापूर्वी ॲमस्टरडॅमच्या अंतिम सामन्यात चेल्सीविरुद्ध पेनल्टीवर शांतपणे गोल करून गेला होता. दडपण २०१३ ला नव्हतं आणि २०१४ ला आलं? २०१३ चा पराभव झाला तो ९३ व्या मिनिटाला, कॉर्नरवर, इवानोविचच्या हेडरवर. त्याआधी एझेकिएल गाराय हा बचावाचा मुख्य आधार दुखापतीमुळे बाहेर गेला होता. २०१४ ला तर एन्झो पेरेझ, साल्व्हियो आणि मार्कोविच हे तिघं खेळूच शकले नाहीत, कारण युव्हेंटसविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दोघांना लाल आणि एकाला पिवळं कार्ड मिळालं होतं. त्यातलं मार्कोविचचं लाल कार्ड तर बदली होऊन बाकावर बसल्यावरच्या धक्काबुक्कीचं. याला शिस्तीचा अभाव म्हणा, मला मान्य आहे. पण ५० वर्षांतल्या वेगवेगळ्या पिढ्यांच्या, वेगवेगळ्या देशांच्या खेळाडूंना एकाच ‘मानसिकते’च्या पोत्यात भरणं म्हणजे शापालाच सदरा-पँट चढवून उभं करणं.

मग पहिल्या पर्वातलं यश आलं कुठून? १९६१ ते १९६८ या आठ वर्षांत पाच अंतिम सामने ही कामगिरी एकट्या गुटमानची नव्हती. त्यातले तीन त्याच्यानंतरचे आहेत. बेन्फिकात त्या काळी फक्त पोर्तुगीज नागरिक खेळत, आणि पोर्तुगालच्या लेखी मोझांबिक, अंगोलातले लोकही पोर्तुगीजच. युझेबियो, कोलुना, कोस्ता परेरा मोझांबिकचे. कर्णधार जोझे आग्वाश अंगोलाचा. ज्या खेळाडूंसाठी दुसऱ्या क्लबांना परदेशात पैसे ओतावे लागले असते, ते बेन्फिकाला साम्राज्याच्या आडोशाने घरचे म्हणून मिळत होते. हे साम्राज्य नेमकं त्याच वर्षांत तडकत होतं. १९६१ च्या सुरुवातीला अंगोलात बंड पेटलं, मे महिन्यात बर्नला पहिला कप आला, डिसेंबरात गोवा मुक्त झाला, आणि मे १९६२ मध्ये ॲमस्टरडॅमला रेआल माद्रिदला ५-३ असं हरवून दुसरा कप आला. गोव्यातल्या ज्या घरांत बेन्फिकाचा आणि स्पोर्टिंगचा उल्लेख आजही आपलेपणाने होतो, त्यांच्या आजोबांसाठी दोन कपांच्या मध्ये राज्यच बदललं होतं. १९७५ मध्ये मोझांबिक आणि अंगोला स्वतंत्र झाले आणि ती वाट बंद पडली. परदेशी खेळाडू घेण्याचा निर्णय क्लबच्या सभासदांनी १९७८ मध्ये केला. १९६८ ते १९८८ या वीस वर्षांत युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात बेन्फिका का दिसत नाही, हे समजायला एवढं पुरे आहे.

दुसरा घाव डिसेंबर १९९५ चा. युरोपीय न्यायालयाने बॉस्मन खटल्यात निकाल दिला, करार संपलेला खेळाडू फुकट जाऊ लागला आणि युरोपीय संघातल्या खेळाडूंवरची संख्येची बंधनं उठली. ज्याच्याकडे टीव्हीचा पैसा, त्याच्याकडे खेळाडू, असा नवा व्यवहार सुरू झाला. एक कोटीच्या आसपास लोकवस्तीच्या पोर्तुगालात टीव्ही हक्क प्रत्येक क्लब आपापला विकतो. २०१५ मध्ये बेन्फिकाने केलेला मोठा करार दहा हंगामांसाठी ४०० दशलक्ष युरोंपर्यंतचा होता, म्हणजे वर्षाला ४० दशलक्ष. २०१६-१७ मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये तळाला गेलेल्या सन्डरलँडला एका हंगामाचे ९० दशलक्ष पौंडांहून जास्त मिळाले. बेन्फिकाची तूट भरून काढायची वाट एकच: खेळाडू घडवा किंवा स्वस्तात आणा, आणि चढ्या भावाने विका. हा धंदा बेन्फिका जगात कुणापेक्षाही चांगला करतो. अडचण अशी की विक्रीची वेळ क्लब ठरवत नाही, गिऱ्हाईक ठरवतं.

तीन हंगाम तपासा. २०१२ ला खेळाडू विक्रीची खिडकी मिटता मिटता मधल्या फळीतले विट्सेल आणि हावी गार्सिया दोघेही गेले, एक झेनिटला, एक मँचेस्टर सिटीला. उरलेल्यांनी युरोपा लीगचा अंतिम सामना गाठला. तिथे खेळलेला नेमान्या मातिच जानेवारी २०१४ मध्ये ज्या चेल्सीकडून हरले त्याच चेल्सीला विकला गेला, आणि चार महिन्यांनी तुरिनच्या अंतिम सामन्यात मधली फळी ठिगळं लावून उभी करावी लागली. २०१७ च्या उन्हाळ्यात गोलरक्षक एडरसन, बचावपटू लिंडलॉफ आणि उजव्या बगलेचा सेमेदो एकदम गेले. तिघांसाठी मोजलेली रक्कम १०० दशलक्ष युरोंच्या वर. त्या हंगामात चॅम्पियन्स लीगच्या गटात सहा सामने, सहा पराभव, शून्य गुण, एक गोल केला, चौदा खाल्ले. गोलमध्ये कधी अठरा वर्षांचा स्विलार होता. मँचेस्टर युनायटेडविरुद्ध रॅशफर्डची फ्री किक हातात धरून तो चेंडूसकट रेषेमागे गेला. पाठीची अर्धी भिंत विकल्यावर छप्पर गळणारच.

आणि २०२३. माझ्या मते १९९० नंतरची सर्वांत मोठी संधी ही होती. पीएसजी आणि युव्हेंटस असलेल्या गटात बेन्फिका पहिला आला, ब्रूजला दोन सामन्यांत मिळून ७-१ ने उडवलं. वरच्या फेरीत सोडतीची बाजूही अनुकूल: आधी इंटर, मग मिलान किंवा नापोली, सिटी, रेआल, बायर्न सगळे दुसऱ्या बाजूला. पण ३१ जानेवारीला, बाद फेरी सुरू व्हायच्या आधीच, एन्झो फर्नांडेझ १२१ दशलक्ष युरोंना चेल्सीला गेला होता. सहा महिन्यांपूर्वी तो आणला होता, तेव्हा सुरुवातीची किंमत साधारण १० दशलक्ष. हिशेबनिसाने टाळ्या वाजवाव्यात असा सौदा. एप्रिलमध्ये इंटरने लिस्बनमध्ये ०-२ ने हरवलं, परतीचा सामना ३-३ झाला. खेळाडूलाच जायचं होतं, करारात सुटकेचं कलम होतं (ठरलेली रक्कम मोजली की खेळाडू सोडावाच लागतो), क्लब काय करणार, असा बचाव केला जातो. तो अर्धाच खरा आहे. चेल्सीने रक्कम हप्त्यांनी द्यायचं ठरलं, म्हणजे क्लबने बसून वाटाघाटी केल्या आणि होकार दिला. उन्हाळ्यापर्यंत थांबणं महागात पडलं असतं, पण अशक्य नव्हतं.

इथे सर्वांत टोकदार आक्षेप येतो, आणि तो पोर्तोचा. तोच देश, तीच लीग, बेन्फिकाहून लहान चाहतावर्ग. तरी १९८७ आणि २००४ चे युरोपियन कप, २००३ चा युएफा कप आणि २०११ ची युरोपा लीग पोर्तोकडे. मग बाजाराचं रडगाणं कशाला? मला हा आक्षेप बराचसा मान्य आहे. १९९४ नंतर थेट २००५ पर्यंत बेन्फिकाला लीग जिंकता आली नाही, नोव्हेंबर १९९९ मध्ये व्हिगोत सेल्टाने सात गोल चढवले, २००१ नंतर दोन हंगाम तर युरोपीय स्पर्धांत प्रवेशही नव्हता. त्याला बॉस्मन नाही, घरचा बेबंद कारभार कारण होता. युरोपा लीगच्या पातळीवर तर बेन्फिकाकडे सबबच नाही. मात्र २००४ चं उदाहरण पुढे ताणता येत नाही. त्या वर्षी पोर्तोने अंतिम सामन्यात मोनॅकोला ३-० ने हरवलं आणि काही आठवड्यांत प्रशिक्षक मोरिन्यो आणि खेळाडू डेको, रिकार्दो कार्वाल्यो, पावलो फेरेरा पांगले. त्यानंतर इंग्लंड, स्पेन, इटली, जर्मनी आणि फ्रान्स या पाच देशांबाहेरचा एकही क्लब चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात पोचलेला नाही. उपांत्य फेरीपर्यंत गेले तेही दोनच, २००५ चा पीएसव्ही आणि २०१९ चा आयॅक्स, आणि दोन्ही संघ पुढे असेच विकले गेले. पोर्तो दार मिटता मिटता आत शिरला. बेन्फिका त्या वेळी आपल्याच अंगणात अडखळत होता.

शापाची गोष्ट निरुपद्रवी करमणूक आहे, चालू द्या, असं म्हणणाऱ्यांनी बॉस्टन रेड सॉक्सचा इतिहास पाहावा. १९१९ च्या हंगामानंतर त्यांनी बेब रूथ न्यूयॉर्क यांकीजना विकला आणि १९१८ नंतरचं पुढचं विजेतेपद थेट २००४ मध्ये मिळालं. या दुष्काळाला ‘बॅम्बिनोचा शाप’ म्हणून अमेरिकेत चवीने चघळलं गेलं. पण कृष्णवर्णीय खेळाडू संघात घेणारा मेजर लीग बेसबॉलमधला सर्वांत शेवटचा क्लब हाच होता, १९५९ मध्ये, जॅकी रॉबिन्सनने ही वर्णबंदी मोडल्याच्या तब्बल बारा वर्षांनंतर. एवढी गुणवत्ता दाराबाहेर ठेवणाऱ्या मालकांना रूथच्या भुतासारखी सोयीची ढाल दुसरी कुठली मिळणार होती? बेन्फिकाच्या स्टेडियमबाहेर २०१४ मध्ये गुटमानचा पुतळा उभारला, दोन्ही हातांत एकेक युरोपियन कप. त्याच मोसमात जानेवारीत मातिच गेला आणि मेमध्ये तुरिनचा सामना हरला. त्या पराभवानंतर पुतळ्याबद्दल जितकं बोललं गेलं, त्याच्या पावपट तरी जानेवारीबद्दल बोललं गेलं का?

एप्रिल २०२२ मध्ये बेन्फिकाच्या पोरांनी न्यॉनला युएफा युथ लीगचा अंतिम सामना साल्झबर्गविरुद्ध ६-० ने जिंकला. त्याआधी २०१४, २०१७ आणि २०२० चे तीन अंतिम सामने ते हरले होते, तेव्हा शाप पोरांनाही भोवतो असं ठरलेलं होतं. जिंकल्यावर शापवाल्यांनी लगेच दुरुस्ती केली, की शाप फक्त मोठ्यांच्या संघाला आहे. त्या पोरांतले किती जण लिस्बनमध्ये चोवीस-पंचवीसचे होईपर्यंत टिकतात, हे मोजायला हवं. ज्या वर्षी पाच जण टिकतील, त्या वर्षी उपांत्यपूर्व फेरीच्या पुढचं बोलू.